आंबिया की मृग

गोष्ट तशी एका वाक्याची आहे. डिसेंबरात सुट्टीवर आले होते आणि बाबांना घेऊन काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात गेले होते. विहिरीजवळच्या खाटेवर बाबा बसलेले, मी थर्मासमधला चहा कपात ओतत होते. आमचे सालदार काका ड्रिपच्या नळ्या तपासत तिथवर आले, डोक्याचा दुपट्टा सोडून तोंड पुसलं आणि बाबांना म्हणाले, "गुरुजी, औंदा काय कराचं? आंबियाले तान द्याचा का मृगच धराचा?" आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फुलण्याचे हंगाम. कप हातात नीट बसेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग माझ्या दिशेने हात करून म्हणाले, "तिले इचार. आता तेच सांगन." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात आश्चर्य नव्हतं, घाई होती. मी म्हणाले, "सांगते काका, एकदोन दिवसांत." त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा झाडांच्या ओळीत शिरले. नंतर आम्ही डबे सोडून जेवलो, विहिरीचं पाणी बघितलं, शेजारच्या धुऱ्यापलीकडची तूर बघितली. परतताना कळमेश्वर मागे पडलं, फेटरी मागे पडलं, शहराचे दिवे दिसायला लागले, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

बाबांनी शेतीतला निर्णय दुसऱ्यावर सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी आणि रविवारी, सुट्टीत शेत, असं त्यांचं आयुष्य गेलं. या बगीच्याच्या कलमा त्यांनी शेंदुरजना घाटला स्वतः जाऊन एकेक करून निवडल्या होत्या. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेला, तो जमिनीपासून वीतभर तरी वर असलाच पाहिजे, नाहीतर मूळकूज ठरलेली, म्हणून प्रत्येक कलमेला हाताने वीत लावून बघणारा हा माणूस. मी जर्मनीला गेले त्या वर्षी ती झाडं माझ्या गुडघ्याएवढी होती. संत्र्याला पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरायला लागतं आणि वीस-पंचवीस वर्षं बगीचा जोमात राहतो. म्हणजे माझं परदेशातलं राहणं आणि ही झाडं जवळपास एका वयाची. याचा मला आनंद होतो आणि कधीकधी धस्सही होतं, कारण वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मलाही करता येतो.

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. समोरचं अजून दिसतं, कडेचं जात चाललंय. रस्त्यावरून जाताना, स्कूटर न थांबवता, कोणत्या झाडावर कोळशी आली हे ओळखणारे बाबा आता पान तोडून अंगठा आणि बोटामध्ये घासतात. कोळशी असेल तर बोटाला काजळी लागते, चिकटपणा लागतो. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. पान घासलं, बोट नाकाशी नेलं, मग धोतराला पुसलं. "स्वच्छ आहे," म्हणाले. मी पान हातात घेऊन बघितलं, खरंच स्वच्छ होतं. चुरगळलेल्या संत्र्याच्या पानाला जो तिखट-हिरवा वास येतो तो माझ्या बोटांना संध्याकाळपर्यंत होता. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय मी मोठमोठ्या पडद्यांवर आलेख बघून घेते. पान घासून ठरवणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण ते अपराधीपण नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला.

संत्र्याचं झाड त्याच्या मर्जीवर सोडलं तर वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं. इकडे चार फुलं, तिकडे दोन फळं. बघायला छान, पण असा बगीचा कोणी व्यापारी उक्ता घेत नाही. म्हणून शेतकरी बहार धरतो. आंबिया धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने, पानं मलूल होऊन गळायला लागेपर्यंत. मग मशागत, खत आणि आधी अगदी हलकं पाणी. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळं दिवाळीच्या आगेमागे. मृग धरायचा तर ताण मे महिन्याच्या उन्हात, फुलं पावसावर, आणि फळं पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात. आंबियाचं फळ अख्खा उन्हाळा झाडावर असतं, त्यामुळे विहिरीचा भरवसा लागतो. मृगाचं सगळं पावसावर. पाऊस लांबला की फूलच नाही. दोन्ही बहार एकाच झाडावर घ्यायला गेलं तर झाड खचतं. मी सातवी-आठवीत असताना बाबांना विचारलं होतं, झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवलं तर त्याला त्रास नाही का होत? "होते ना बेटा," ते म्हणाले होते, "जास्त झाला तर झाड वाळते. कमी झाला तर नुसता पाला फुटते. म्हणून रोज जाऊन पाहा लागते."

काकांच्या प्रश्नाला तारीख होती.

माझ्या प्रश्नाला ती कधीच नव्हती. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांसाठीचा कामाचा परवाना, 2012 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, त्याच्या पहिल्या लाटेत आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात येऊन पडलो. तेव्हापासून "आपण परत जायचं का?" हा प्रश्न आमच्या घरात राहतोय, अगदी घरच्या माणसासारखा. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला तिकडची मराठी मंडळी जमली की प्रत्येकाच्या ताटाशेजारी तो असतो. मुलांची शाळा, इथलं घराचं कर्ज, तिथला पगार, आईचे गुडघे, पुण्याची ट्रॅफिक, नागपूरचं ऊन. प्रत्येकाकडे एक एक्सेल शीट आहे. माझ्या नवऱ्याच्या शीटमध्ये रंगसुद्धा आहेत. हिरव्या रकान्यांत जर्मनी पुढे, केशरी रकान्यांत भारत. मी त्या शीटची टिंगल करत नाही, तिने आम्हाला खूप घाईच्या निर्णयांपासून वाचवलंय. 2017 च्या मे महिन्यात भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार लागू झाला, दोन्हीकडच्या नोकरीची वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरता येऊ लागली, तेव्हा नवऱ्याने एक अख्खा रकाना पुसून नव्याने लिहिला होता. पण तो प्रश्न ज्या रूपात आम्ही विचारतो, "कायमचं कुठे राहायचं?", त्या रूपात त्याचं उत्तर कुठल्याही शीटमधून निघेल असं मला आता वाटत नाही. कायमचं म्हणजे किती, हे त्या रकान्यात कोण भरणार?

आणि मला माझं काम आवडतं. हे मुद्दाम लिहिते, कारण परदेशातल्या माणसाने लिहायला घेतलं की काम म्हणजे केवळ पगार असं धरलं जातं. मी औद्योगिक पंख्यांच्या पात्यांवर काम करते. पंखा तेवढीच हवा फेकेल पण आवाज कमी करेल, यासाठी पात्याची कड कशी कापायची, हे माझं क्षेत्र. घुबड आवाज न करता उडतं, कारण त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या असतात. पात्याच्या मागच्या कडेला दाते पाडले की हवेचा आवाज मोडतो, ही कल्पना तिथूनच घेतलेली. आमच्याकडे एक निःशब्द खोली आहे. भिंतींना, छताला फोमच्या पाचरी, पायाखाली तारांची जाळी. आत उभं राहिलं की काही क्षणांनी स्वतःच्या कानातली शीळ ऐकू येते. पहिल्यांदा त्या खोलीत गेले तेव्हा मला एकदम आमच्या त्रिमूर्तीनगरच्या घरातला कूलर आठवला होता.

तो लोखंडी कूलर खिडकीच्या चौकटीत बसवलेला असायचा. एप्रिल लागला की बाबा त्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या खसच्या ताट्या भरायचे, पंपाची पिन साफ करायचे, आणि पहिलं पाणी ताट्यांवरून उतरलं की सगळ्या घरात तो गार, मातकट, गोडसर वास पसरायचा. आवाज एवढा की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची तर ओरडावं लागायचं, आणि मुंबईचे पाहुणे आले की त्यांना रात्रभर झोप यायची नाही. आम्हाला त्याच आवाजात झोप लागायची. रात्री लाइट गेली की अख्खी गल्ली जागी व्हायची, गरमीने नंतर, आधी त्या शांततेने. लोक उघडेबंब अंगणात येऊन खाटा टाकायचे आणि "किती वेळची गेली रे?" अशा हाका सुरू व्हायच्या. पंख्याच्या आवाजाला कान देण्याची सवय मला तिथे लागली. माझं करिअर त्या खिडकीत सुरू झालं असं मी म्हणते तेव्हा जर्मन सहकाऱ्यांना ती गंमत वाटते, पण मी ते अगदी मनापासून म्हणते. आता ऑफिसातल्या आमच्या गटाचं प्रमुखपद मला देऊ केलंय. सुट्टीवरून येऊन कळव, असं वरिष्ठ म्हणाले होते.

नागपुरात मला असं काम मिळेल का? प्रामाणिकपणे शोधलं, अजून मिळालेलं नाही. आमची बॅच नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिरली ते 2002 साल, त्याच वर्षी व्हीआरसीईचं व्हीएनआयटी झालं. नाव बदललं तरी रिक्षावाल्याला व्हीआरसीईच सांगावं लागायचं. तेव्हापासून ऐकतेय, मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा उद्योगांचा मोठा प्रकल्प, होऊ दे, मग बघ, सगळे परत येतील. मिहान झालं. तिथे मोठ्या आयटी कंपन्यांची आवारं उभी राहिली, शेजारी एम्स आलं, वर्धा रोडवर खाली गाड्या, मध्ये उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो असा तीन मजली प्रवास सुरू झाला. या मेट्रोसाठी जर्मनीच्या सरकारी केएफडब्ल्यू बँकेने 50 कोटी युरोचं कर्ज दिलंय. म्हणजे ज्या देशात मी कर भरते त्याचा पैसा माझ्या गावात माझ्याआधी येऊन कामाला लागला. मेट्रोत बसून मी अंबाझरीकडे जाताना हे आठवलं आणि बरं वाटलं. वर्गातले काही जण खरंच परत आलेत. एक जण बेसाला घर बांधून राहिलाय, घरूनच बंगळूरच्या कंपनीचं काम करतो, संध्याकाळी वडिलांना घेऊन फुटाळा तलावावर जातो. मी त्याला विचारलं, कामात मजा येते का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काम काम आहे बे. पण सकाळचे पोहे घरी खातो." हे उत्तर मला खोटं वाटलं नाही. पुरेसंही वाटलं नाही.

मधला काही मार्ग कायद्यात असेल, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. जर्मनीत आजारी आईवडिलांची काळजी घ्यायला नोकरी न सोडता सहा महिन्यांपर्यंत रजा घेता येते. चांगला कायदा आहे, माझ्या ऑफिसातल्या बाईने तिच्या आईसाठी घेतली. पण त्यासाठी त्या माणसाला देखभालीची गरज असल्याचा तिथल्या विमा यंत्रणेचा दाखला लागतो, आणि माझ्या बाबांना तो दाखला काटोलच्या खाटेवर बसून कोण देणार? 2024 मध्ये नवीन तरतूद आली, कुशल कामगारांना आईवडिलांना सोबत राहायला आणता येईल. वाचून मी खुर्चीतून उठले होते. पुढची ओळ अशी की ज्यांना पहिला परवाना 1 मार्च 2024 ला किंवा त्यानंतर मिळाला त्यांच्यासाठी. आम्ही फार आधी आलो होतो. आणि खरं सांगायचं तर, आणता आलं असतं तरी बाबा आले असते का? तिथे ते कोणतं पान घासणार?

राहता राहिला पासपोर्ट. त्याच 2024 च्या जूनपासून जर्मन नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं आणि जर्मनीसाठी आता जुना पासपोर्ट सोडावा लागत नाही. भारताचा कायदा मात्र दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं संपलं असं मानतो. मग परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं. त्यावर येता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मतदान नाही. शेतजमीन विकत घेणं नाही. ती परदेशात राहणाऱ्या भारतीयालाही घेता येत नाही, म्हणजे आज भारतीय पासपोर्ट हातात असूनसुद्धा मी शेजारचा धुरा विकत घेऊ शकत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच. नवऱ्याचं म्हणणं असं, की तुला खरंच नागपूरला परत यायचं असेल तर जर्मन पासपोर्टच घे. कारण आमच्या कायमच्या परवान्यावर ठरावीक मुदतीहून जास्त बाहेर राहिलं की तो संपतो. पासपोर्ट असेल तर दोन वर्षं राहा, पाच राहा, हवं तेव्हा परत जा. म्हणजे परत यायची वाट मोकळी ठेवायची तर आधी पुरतं परकं व्हायचं. त्याचं गणित बरोबर आहे, मी त्यात चूक काढू शकले नाही. तरी फॉर्म भरायला बसले की हात थांबतो. देशप्रेम वगैरे मोठे शब्द मला त्यासाठी वापरायचे नाहीत. हात थांबतो एवढं मात्र खरं आहे.

आता ताईबद्दल.

माझी मोठी बहीण नागपुरातच शाळेत शिकवते. आमच्या शीटमध्ये तिचं नाव कुठेच नाही, हे मला त्या आठवड्यात दिसलं. तिकडून मी विजेचं बिल भरते, औषधं मागवते, विहिरीवरच्या कॅमेऱ्यात मोटर चालू आहे का बघते. मला वाटायचं, यातच बरंच आलं. पण बगीच्याची ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद, करायची तर ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, ॲप जागा तपासतं. बाबांना स्क्रीनवरचे बारके रकाने दिसत नाहीत. म्हणजे दर हंगामात शाळेच्या सुट्टीच्या दिवशी ताईच साठेक किलोमीटर जाऊन ते करून आली. यंदाचं रब्बीचं मी केलं. गट क्रमांक निवडला, पीक संत्रा, सिंचन ठिबक, आणि मोबाइल झाडांकडे धरून उभी राहिले. नेटवर्क यायला इतका वेळ लागला की काकांनी झाडाखाली पडलेलं एक संत्रं सोलून माझ्या दुसऱ्या हातात ठेवलं. तेवढ्या वेळात मला कळलं की ताईचे असे किती रविवार गेले असतील.

घरी आल्यावर गच्चीवर कपडे काढताना तिला म्हणाले, "मला सांगायचं ना गं, एवढं सगळं तू करतेस." ती चिमटे तोंडात धरून चादर ओढत होती. चिमटे काढून म्हणाली, "काय सांगायचं? तू पैसे पाठवतेस, मी तारखा सांभाळते. डोळ्याच्या डॉक्टरची तारीख, आईच्या फिजिओची तारीख, फवारणीची तारीख, गॅसची. तुझे पैसे वेळेवर येतात, माझी काही तक्रार नाही. पण मला कोणी गटप्रमुख नाही करून राहिलं." हे ती भांडणाच्या सुरात बोलली नाही. चादर चौकोनी घडी करून तिने माझ्या हातात दिली आणि पुढची ओढली. मी काही बोलले नाही. तिला मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती, शाळा उमरेडला होती, रोजचं जाणंयेणं जमणार नव्हतं म्हणून तिने नाही म्हटलं. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण करिअरचा निर्णय म्हणून तिच्याबद्दल कधी कोणी बोललंच नव्हतं. करिअर सोडणं-धरणं हे जणू फक्त विमानाने जाणाऱ्यांच्या वाट्याला येतं. राहिलेल्यांचं नुसतं राहणं. मला हे फार चुकीचं वाटतं, आणि आमच्या पिढीच्या परत जायचं की नाही या सगळ्या चर्चांमध्ये ते भरून राहिलंय.

आईला विचारावं तर ती म्हणते, "तू खुश आहेस ना, मग झालं." या वाक्याने माझी कधीच सुटका होत नाही. त्या रात्री तिने गोळाभात केला होता, वरून गरम तेलाची फोडणी. जेवताना कोणी जर्मनीचा विषय काढला नाही.

दोन दिवसांनी पुन्हा बगीच्यात गेलो, या वेळी ताईही आली. मी रस्त्यात एक तोडगा तयार केला होता. अर्ध्या बगीच्यात आंबिया, अर्ध्यात मृग. एक बुडाला तर दुसरा हाताशी. काही शेतकरी करतात तसं, मी वाचलंही होतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "करता येते," ते म्हणाले. "पण मग दोन वेळा ताण, दोन वेळा फवारणी, दोन वेळा राखण, दोन व्यापारी. ते पाहायला इथं कोण आहे?" प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला नव्हता. मास्तर गणित सोडवताना विचारतात तसा विचारला होता. ताईने माझ्याकडे बघितलं नाही, विहिरीकडे बघितलं. मग आम्ही तिघांनी तिथेच बसून ठरवलं. विहिरीत पाणी चांगलं होतं. आंबियाचं फळ दिवाळीच्या सुमारास निघेल तेव्हा ताईला शाळेची सुट्टी असते आणि मी येऊ शकते. उन्हाळ्यात पाणी काका बघतील, त्यांच्या पोराला त्यासाठी वेगळी मजुरी द्यायची. मृग या वर्षी सोडायचा. बाबांनी खाली वाकून माती उकरली, मुठीत दाबून बघितली, म्हणाले आजच तोडा. मी काकांना सांगितलं, "काका, आंबिया." ते "बरं" म्हणाले आणि व्हॉल्व्हकडे गेले. एवढंच झालं. माझ्या अपेक्षेपेक्षा फारच लवकर झालं.

नाताळात नवरा आणि मुलगी नागपूरला आले तेव्हा मी शीट न उघडता बोलायला बसले. म्हटलं, आयुष्यभराचं मला विचारू नकोस, तीन वर्षांचं विचार. तीन वर्षं गटप्रमुखपद घेते. अट एकच, दर वर्षी डिसेंबर-जानेवारी मी नागपुरात, बिनपगारी. कंपनीला नाही जमलं तर पद नको, आहे त्या जागी राहीन. तीन वर्षांनी मुलीची शाळा संपत आलेली असेल, बाबांचे डोळे कुठवर आहेत ते कळेल, मग पुढचं. तो म्हणाला, दोन महिन्यांचा पगार दर वर्षी, शिवाय पेन्शनमध्येही फरक पडेल. मी म्हटलं, पडू दे. त्याला ते आवडलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. त्याचे आईवडील अमरावतीला भावाजवळ आहेत, त्याचा प्रश्न माझ्यासारखा नाही, आणि आपलं कुटुंब वर्षातून दोन महिने तुटून राहणार याचं त्याला वाईट वाटलं. मलाही वाटतं. मुलगी त्या वयात आहे, की दोन महिन्यांत तिची उंची बदलते. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वरिष्ठांना ईमेल पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की विचारून सांगतो, जानेवारीअखेरपर्यंत थांब.

ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दोन महिने? चल, तेवढे तर तेवढे. पण मग त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या तारखा तुझ्या. मी शाळेच्या सहलीला जाणार आहे." आणि लगेच मोबाइल काढून तिने मला बाबांच्या डॉक्टरचा नंबर, थेंबांच्या बाटलीचा फोटो आणि फवारणीचं वेळापत्रक पाठवून दिलं, जणू मी माघार घ्यायच्या आत.

पासपोर्टचं असं ठरलं, की नवरा आणि मुलगी अर्ज करतील, मी सध्या नाही. नवऱ्याने विचारलं, सध्या म्हणजे किती? मी म्हटलं, तेही तीन वर्षांनी बघू. मुलगी पाटोडीचा रस्सा पोळीला लावत ऐकत होती. तिने हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे फ्रँकफर्टला उतरलो की आम्ही एका रांगेत आणि तू दुसऱ्या रांगेत?"

"हो."

"आणि मुंबईत उलटं?"

"हो, उलटं."

"मग बॅगा कोण घेणार?"

जो आधी बाहेर पडेल तो, असं ठरलं.